तीन आणि तीन नऊ

१० फेब्रुवारी २०२५, सोमवार

इलेक्ट्रिशियनच्या बॅचची चोवीस जर्नल्स तपासून संपवली. सगळ्यात जास्त वेळ सहाव्या प्रयोगाला लागला, आणि तो एकाच जर्नलमुळे.

प्रयोग अगदी साधा आहे. नऊ व्होल्टची बॅटरी, तिला एकापाठोपाठ जोडलेले दोन रोध, म्हणजे रेझिस्टन्स, प्रत्येकी दहा हजार ओहम. दोन्ही सारखे, म्हणून विजेचा दाब, म्हणजे व्होल्टेज, निम्मा-निम्मा वाटला जातो: साडेचार आणि साडेचार. आधी गणितानं उत्तर काढायचं, मग व्होल्टमीटर लावून मोजायचं, शेवटच्या रकान्यात दोहोंतला फरक लिहायचा. तेवीस मुलांचा फरक शून्य आहे. तेजस्विनीनं लिहिलं आहे: पहिल्या रोधावर ३, दुसऱ्यावर ३, बॅटरीवर ९.

तीन आणि तीन नऊ. प्राथमिक शाळेतलं पोरही अशी बेरीज करणार नाही. खाली निष्कर्षाच्या तीन ओळींत तिनं लिहिलं आहे: ‘मीटर लावला की व्होल्टेज कमी होते. मीटर नसताना किती असते ते मीटरने कळत नाही.’ मला ही पळवाट वाटली. लाल पेनानं ‘पुन्हा करा’ लिहिलं. दहापैकी चार गुण पेन्सिलीनं टाकून ठेवले.

दुपारी वर्गात जर्नल्स दाखवली. तेजस्विनी उभी राहिली. सानगडीहून रोज बसनं येते, कधी उशीर नाही, हे मान्य केलं पाहिजे.

‘‘सर, तुमी मोजून पाह्यलं का?’’

मागून हेमराज म्हणाला, ‘‘सर मोजत नाई वं. सर सई मारते.’’ वर्ग हसला.

मी म्हणालो, ‘‘हा मीटर चौदा वर्षांपासून इथं आहे. तुझ्याआधी कोणाला तीन दाखवले नाहीत.’’

‘‘त्याइनं लावला होता का सर?’’

मी तिला बसायला सांगितलं. राग आला नव्हता. वर्गाची शिस्त सांभाळावी लागते. जर्नल्स परत घेऊन गुण शाईनं पक्के केले. तिला दोन.

११ फेब्रुवारी, मंगळवार

राग आला नव्हता असं काल लिहिलं. ते खरं नाही. आला होता. कॉलेजात असताना ठरवलं होतं की दैनंदिनीत तरी खोटं लिहायचं नाही, म्हणून ही दुरुस्ती. आता ते मनात राहिलं नाही.

संध्याकाळी प्राचार्य मधुकररावांनी बोलावलं. नागपूरकडच्या एका कारखान्यानं शिकाऊ उमेदवारीसाठी आपल्या आयटीआयकडून दोन नावं मागितली आहेत. जर्नलच्या एकूण गुणांवर द्यायची. अठ्ठावीस तारखेपर्यंत पोचली पाहिजेत. मी बेरीज करून दिली, दोनशेपैकी. हेमराज १७१, चंद्रकुमार १६४, तेजस्विनी १६३. एका गुणानं राहिली. वाईट वाटलं. पण गुण हे गुण आहेत.

१५ फेब्रुवारी, शनिवार

‘तुमी मोजून पाह्यलं का’ हे डोक्यातून जाईना. मी खरंच मोजलं नव्हतं. चार वर्षांपूर्वी या प्रयोगातले शंभर ओहमचे रोध बदलून मी दहा हजारांचे आणले, कारण शंभरांवर सेल भराभर संपायचे. मोठ्या रोधातून विजेची धारा नावापुरती वाहते, सेल वर्षभर पुरतात. प्राचार्यांनी तेव्हा सभेत माझं कौतुकही केलं होतं. त्यानंतर मांडणी मुलांकडे दिली. गणित येत असलं की वाचनही तेच येणार, असं मी धरून चाललो.

म्हणून आज सौरपंप बसवणाऱ्या परसरामकडून त्याचा डिजिटल मीटर मागून आणला. वर्कशॉपमध्ये एकट्यानं मांडणी केली. पहिल्या रोधावर ४.४९. दुसऱ्यावर ४.४९. बॅटरीवर ८.९८. बेरीज तंतोतंत. जुना मीटर लावून पाहिला नाही. ज्याच्याविषयीच शंका आहे त्याची साक्ष काय काढायची?

हलकं वाटलं. मुलगी चुकली, मी नाही. (हे वाक्य खोडणार होतो. राहू दे.)

घरी आलो तर रीता देवपूजेला बसली होती, भाताकडे लक्ष ठेवायला सांगून. मी ठेवलं. ती उठून आली आणि म्हणाली, ‘‘का हो, झाकन उघडून उघडून पाहून राहिले, तं भात शिजन कसा?’’

भात कच्चा राहिला.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

तेजस्विनीची आई आली होती. कौशल्याबाई. शेती करतात, तळ्याखालचं धान. पायरीवर चप्पल काढून आत आल्या, बसा म्हटलं तरी बसल्या नाहीत.

‘‘गुरुजी, पोरगी मनते मीटरनं तीन दाखवलं. तुमी मनता साडेचार. मंग मीटर लबाड का पोरगी लबाड?’’

मी म्हणालो, मीटर जुना आहे, त्यात दोष असू शकतो.

‘‘जुना हाय तं पोराइले कायले देता?’’

मी जर्नल्सचा गठ्ठा सरळ केला.

‘‘आमच्या इकडं पायली खोटी निंगाली तं आमी पायली फेकतो. मोजनारीले फेकत नाई.’’

मी त्यांना सांगितलं की मी स्वतः नव्या मीटरनं मोजलं आहे आणि साडेचार आले आहेत. पुष्कळ आदरानं सांगितलं. त्या म्हणाल्या, ‘‘तिनं नव्यानं मोजलं असतं तं तिचंई तेच आलं असतं ना जी?’’

तेवढ्यात घंटा झाली. त्या चप्पल घालून निघाल्या.

२२ फेब्रुवारी, शनिवार

आज जे कळलं ते क्रमानं लिहितो, म्हणजे मलाच पुन्हा तपासता येईल.

जुना व्होल्टमीटर पुसून कपाटात ठेवत होतो. तबकडीच्या तळाशी, धुळीखाली, बारीक अक्षरांत छापलेलं दिसलं: प्रतिव्होल्ट एक हजार ओहम. मीटर दहा व्होल्टचा. म्हणजे मीटरच्या आतच दहा हजार ओहमचा रोध आहे. चौदा वर्षं हे माझ्या डोळ्यांसमोर होतं.

तो मीटर दहा हजारांच्या रोधावर लावला की दोन सारखे रोध समांतर होतात. समांतरात सारखे दोन म्हणजे निम्मे: पाच हजार. आता बॅटरीला दहा आणि दहा दिसत नाहीत, पाच आणि दहा दिसतात. एकूण पंधरा हजार. नऊ भागिले पंधरा हजार, धारा ०.६ मिलिअँपिअर. ती पाच हजारांतून गेली की दाब तीन व्होल्ट.

तीन.

दुसऱ्या रोधावर मीटर नेला की तिथंही तेच. तीन. आणि बॅटरीवर थेट लावला तर नऊ, कारण बॅटरीला त्याचं ओझं जाणवत नाही. शंभर ओहमच्या जुन्या रोधांवर मीटरचे दहा हजार नगण्य होते, म्हणून तेव्हा बरोबर यायचं. सेल वाचवायला मी रोध बदलले आणि त्या दिवसापासून हा प्रयोग या मीटरनं कधी साडेचार दाखवू शकत नव्हता. परसरामच्या मीटरचा आतला रोध एक कोटी ओहम, म्हणून त्यानं दाखवले.

म्हणजे चार बॅचमधल्या शहाण्णव जर्नल्सपैकी खरं वाचन एकाच जर्नलमध्ये आहे. बाकी पंच्याण्णवांत मोजमापाच्या रकान्यात गणिताचं उत्तर उतरवलेलं आहे, आणि खाली ‘निरीक्षणे तपासली’ म्हणून माझी सही आहे.

यादी जायला सहा दिवस आहेत. सोमवारी पहिलं काम हेच.

२४ फेब्रुवारी, सोमवार

आधी प्रत्यक्ष पाहणं गरजेचं होतं. कागदावरचं गणित पुन्हा कागदावरच बरोबर मानलं तर माझ्यात आणि त्या पंच्याण्णव जणांत काय फरक? जुना मीटर लावला. काटा उचलला आणि तीनवर थांबला. तीनदा लावून पाहिलं.

प्राचार्यांकडे तोंडी जाणं बरं दिसणार नाही. सगळं व्यवस्थित लिहून न्यावं.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

चार पानं झाली. ‘मीटरचा दोष’ असा शब्द एके ठिकाणी पडला होता. तो मीटरवर अन्याय आहे, मीटर निर्दोष आहे. पान पुन्हा लिहिलं. आकृत्या पट्टीनं काढायच्या राहिल्या.

रीता म्हणाली, ‘‘येवढं लिवून राहिले तं फोन काहून नाई करत? दोन मिनिटाचं काम.’’

तिला सांगितलं की अर्धवट सांगून गैरसमज होतात.

‘‘होऊ द्या ना. गैरसमज झाला तं तो इचारन. नाई सांगितलं तं कोन इचारन?’’

२६ फेब्रुवारी, बुधवार

महाशिवरात्रीची सुटी. रीता देवळात गेली. मी आकृत्या काढून स्वच्छ प्रत केली. सहा पानं. चांगली उतरली आहेत.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

मधुकररावांनी पहिलं पान वाचलं, उरलेली बोटानं चाळली.

‘‘कापगते सर, यादी तं परवाच गेली. सुटीच्या आधी काम मोकळं केलं. तिकडून पोच पन आली.’’

परवा म्हणजे पंचवीस. मी ‘दोष’ शब्द बदलत होतो तेव्हा.

दुरुस्तीचं पत्र पाठवता येईल, असं मी म्हणालो.

‘‘पाठवू ना. कारन का लिवू?’’

‘‘तिचं वाचन बरोबर होतं.’’

‘‘मंग बाकीच्या तेवीस जनाइचं?’’

‘‘त्यांनी मोजलं नाही.’’

‘‘आनि सई कोनाची हाय?’’ त्यांनी आवाज चढवला नाही. ‘‘एप्रिलमधी तपासनी पथक येऊन राहिलं. त्याइच्या हातात हे सहा पानं देऊ का? परीक्षा अडकन सगळ्याइची. एक पोरगी वर काढायले पंच्यान्नव खाली पाडता का तुमी?’’ मग चहा मागवला. ‘‘तुमी प्रामानिक मानूस हा. मनून तं तुमाले सांगून राहिलो.’’

चहा घेतला. त्यांचा मुद्दा पूर्ण चुकीचा आहे असं म्हणता येत नाही. त्या तेवीस मुलांचाही विचार करायला हवा. सोमवारीच गेलो असतो तर हाच मुद्दा निघाला असता का, हे आता मोजता येणार नाही.

कागद परत घेऊन आलो.

१ मार्च, शनिवार

ठरवलं की निदान तिला तरी कळलं पाहिजे. सुटल्यावर तेजस्विनीला वर्कशॉपमध्ये बोलावलं, मांडणी करून दाखवली, मीटरच्या आतल्या दहा हजारांचं गणित फळ्यावर सोडवलं. म्हणालो, ‘‘तुझं वाचन बरोबर होतं.’’

तिला आश्चर्य वाटलं नाही. मला ते अपेक्षित होतं, म्हणजे आश्चर्य. थोडा आनंदही.

‘‘आतमधी दहा हजार हाय हे नोतं माहीत सर. पन मीटर करंट पेते हे समजलं होतं.’’

‘‘कसं?’’

‘‘मी दुसऱ्या टेबलावरचा तसाच मीटर आनून त्याच रेझिस्टन्सवर लावला. दोन मीटर एकाच ठिकानी. तं दोघंई सव्वादोनवर आले.’’

मी मनात हिशेब केला. दहा, दहा, दहा समांतर, तीन हजार तीनशे तेहतीस. नऊ व्होल्टमधून त्याचा वाटा सव्वादोन. बरोबर सव्वादोन. मला हे सुचलं नव्हतं.

‘‘आनि एकेकावर एकेक लावला सर, तं साडेचार-साडेचार येते. दोघंई सारखंच पेते, मनून बरोबर वाटते.’’

‘‘हे जर्नलमध्ये का नाही लिहिलं?’’

‘‘निष्कर्षाले तीनच ओळी हायत.’’

मग मी यादीचं सांगितलं.

‘‘गेली तं गेली. पन सर, वर्गात सांगान का? मले सगळे ‘तीन-तीन-नऊ’ मनते. बसमधी पन. आईले वाटते मले बेरीज येत नाई.’’

मी शब्द दिला. वर्गात, सगळ्यांसमोर. इतकं तर माझ्या हातात आहे.

८ मार्च, शनिवार

वर्ग घेतला. आठवडा लागला कारण पाठाची तयारी नीट हवी होती.

‘मीटरचा अंतर्गत रोध’ असं शीर्षक फळ्यावर लिहिलं. समांतर जोडणीपासून सुरुवात केली. उदाहरणात मुद्दाम वीस हजारांचे रोध आणि बारा व्होल्टची बॅटरी घेतली, म्हणजे कोणाचं जर्नल डोळ्यांसमोर येऊ नये. मधेच प्राचार्य दारात येऊन उभे राहिले, दोन मिनिटं ऐकून गेले. पाठ चांगला झाला. शेवटी मी म्हणालो, ‘‘म्हणून काही वेळा मीटर गणितापेक्षा कमी दाखवतो. तेव्हा वाचन चुकलं असं लगेच समजू नये.’’

तिचं नाव घेतलं नाही. नाव घेतल्यानं तिलाच संकोच झाला असता.

हेमराजनं हात वर केला. ‘‘सर, मंग आमच्या जर्नलीत साडेचार कसे काय आले?’’

तो थट्टा करत नव्हता. त्याला खरंच प्रश्न पडला होता. मी म्हणालो, ‘‘ते गणिताचं उत्तर आहे.’’

‘‘हो सर, गनिताचंच हाय. पन लिवलं तं मोजल्याच्या खान्यात हाय ना.’’

मी त्याला बसायला सांगितलं. त्याच शब्दांत.

सगळ्यांनी पाठ वहीत उतरवून घेतला. तेजस्विनीनं पेन उघडलं नाही. मी तिच्याकडे पाहिलं तेव्हा ती त्या मीटरकडे पाहत होती, कपाटाच्या काचेआडून.

१० मार्च, सोमवार

नाव घेतलं नाही ते तिला संकोच होऊ नये म्हणून, असं परवा लिहिलं. हे तपासायला हवं. पुढे कधी तपासेन.

१९ मार्च, बुधवार

पुढच्या बॅचसाठी शंभर ओहमचे रोध मागवले. आता जुना मीटरही जवळजवळ साडेचारच दाखवेल. सेल जास्त लागतील, लागू देत. दहा हजारांचे काढून डब्यात ठेवले आणि डब्यावर चिठ्ठी लावली: वापरू नये. पथक आलं तरी आता या प्रयोगात कोणाला काही सापडणार नाही. हे काम मी केलं, याचं समाधान वाटायला हवं.

२२ मार्च, शनिवार

परीक्षेचे अर्ज भरण्याचा शेवटचा दिवस. जर्नल पूर्ण असल्याशिवाय अर्जावर माझी सही होत नाही. लाल ‘पुन्हा करा’ ज्यांचं राहिलं होतं ती मुलं दुपारी आली. चार-पाच होती. शेवटी तेजस्विनी.

आज सकाळी ठरवून ती सहा पानं खिशात ठेवली होती. तिनं तोच प्रयोग पुन्हा मांडून तीन लिहून आणले, की लगेच खाली ‘वाचन बरोबर’ लिहायचं, पूर्ण सहीनिशी, आणि पानं तिच्या जर्नलला जोडायची. मग पथक विचारील तर विचारू दे. मी खरंच तसं ठरवलं होतं. कारण आता सुरुवात तिच्या पानावरून झाली असती, माझ्याकडून नाही.

तिनं जर्नल समोर ठेवलं. नवं पान चिकटवलेलं होतं. पहिल्या रोधावर ४.५. दुसऱ्यावर ४.५. बॅटरीवर ९. फरक शून्य, शून्य, शून्य. निष्कर्षात एकच ओळ: ‘गणित व मोजमाप जुळते.’ अक्षर नेहमीपेक्षा सुरेख.

‘‘हे कधी मोजलंस?’’

‘‘नाई मोजलं सर. लिवलं.’’

‘‘तू असं का...’’

‘‘चारची बस हाय सर. सई करता का?’’

खिशातली पानं हाताला लागत होती. बाहेर हेमराज आणि चंद्रकुमार कारखान्याच्या चाचणीला कोणत्या गाडीनं जायचं ते बोलत होते. मी पान दोनदा वाचलं. त्यात चूक काढायला जागा नव्हती. सही केली, तारीख टाकली, अर्जावरही केली. तिनं जर्नल उचललं, ‘थँक्यू सर’ म्हणाली आणि गेली. तिला बस मिळाली असावी.

दहापैकी नऊ दिले. उशिरा दिलेल्या प्रयोगाचा एक गुण कापावा लागतो, तसा नियम आहे.